मिशीवालं कार्ड

आत्याच्या हातात कात्री आली की तिला अडवणं कुणाच्या बापाला जमत नसे. शाळेतल्या बाईंनी पालकांना सांगितलं होतं, रोजच्या बोलण्यातले शब्द मुलांना नुसत्या नजरेने ओळखता आले पाहिजेत. 'आहे', 'नाही', 'आणि', 'पण', 'कुठे' असले शब्द अक्षर अक्षर जुळवत वाचायचे नाहीत. दिसला शब्द की म्हटला. त्यासाठी घरी कार्डं ठेवा आणि रोज थोडा वेळ दाखवा. बाकीच्या आयांनी दुकानातून गुळगुळीत रंगीत कार्डं आणली. आत्याने नाक मुरडलं. कपडे दुरुस्त करून देण्याचं तिचं दुकान होतं, त्याच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं, आणि दोन्हीकडे शर्टांच्या रिकाम्या खोक्यांची चळत लागलेली होती. एका दुपारी तिने ती खोकी उसवली, आतल्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या, तळहाताएवढे तुकडे कापले आणि आपल्या वळणदार अक्षरात एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहिला. काटकसर तिच्या हाडात होती, आणि त्या काटकसरीचा तिला ताठाही होता.

शिकणारी होती भिंगरी, तिच्या धाकट्या भावाची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि ते तिथेच राहायचं. तिची आई ती रांगायला लागायच्या आधीच गेली. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याने तान्ही पोर बहिणीच्या मांडीवर ठेवली ती ठेवलीच. आत्याने लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण भिंगरी घरात आली आणि या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईचं पार पाणी झालं. पोरगी तिचा जीव की प्राण होती. हे ती स्वतःच्या तोंडाने कधी कबूल करत नसे, पण गल्लीत ते न कळलेला एकही माणूस नव्हता.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं की कार्डांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. आत्या शिलाई मशीनच्या स्टुलावर, भिंगरी समोरच्या पाटावर. आत्या चळत छातीशी धरायची, कोणता शब्द आला ते आधी स्वतः बघून घ्यायची आणि मग झटकन कार्ड फिरवायची.

"पण!"

"शाबास!"

"आहे! आणि! तिथे!"

"अगं माझी सोन्या!"

आत्या असं हसायची की टाके घालताना सुद्धा तिच्या गालावर ते हसू रेंगाळत असे. भिंगरीची जीभ अशी सुटायची की कार्ड पुरतं फिरतंय न फिरतंय तोच शब्द बाहेर. पहिलीतल्या पोरीने असं धडाधड वाचावं? आत्याने ही वार्ता फाटक्या चेनी दुरुस्त करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. ज्याला ऐकायची नव्हती त्याची चेन दुरुस्त व्हायला जास्त वेळ लागायचा.

माशी शिंकली ती शाळेत. बाईंनी आत्याला दारातच गाठलं. "वर्गात ती काहीच वाचत नाही हो. कार्ड दाखवलं की माझ्या तोंडाकडे बघत बसते."

"लाजत असेल," आत्या म्हणाली. "घरी येऊन बघा एकदा. तुमच्या वर्गातली पोरं झक मारतील तिच्यापुढे."

बाईंनी वाद घातला नाही. पण भिंगरीच्या बापाला फोन केला, आणि त्याच रात्री बापाने बहिणीला.

"ताई, मी रविवारी येतोय. माझ्यासमोर वाचून दाखव म्हणावं तिला. येत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल येत तर मी तिला त्या निवासी शाळेत घालतो. मी बोलून ठेवलंय तिथे. सोमवारीच हजर व्हायचं आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढीशी पोर वसतिगृहात?"

"तिथे एकेका मुलाकडे बघतात. वेळीच बघतात."

"आणि मी काय आंधळी आहे?"

पलीकडून नुसता गाडीच्या इंजिनाचा आवाज आला. मग तो म्हणाला, "रविवारी येतो," आणि फोन ठेवला. आत्या दोन दिवस स्वतःशीच धुसफुसत होती, पण मनातून बिनघोर होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? येऊ दे, बघू दे, आणि बघून खजील होऊन जाऊ दे.

शनिवारी उन्हं कलल्यावर तिने उद्याची रंगीत तालीम घ्यायची ठरवली. भिंगरी पाटावर बसून चिंध्यांच्या टोपलीतून लाल तुकडे वेचत होती. आत्याने फळीवरून चळत काढली, आणि काढताना एक कार्ड निसटून मशीनच्या पायडलजवळ पडलं.

"आत्या, 'आणि' पडलं," भिंगरी म्हणाली.

"उचल की मग," म्हणत आत्याच वाकली. कार्ड पालथं पडलेलं होतं. तिने ते उलटलं. 'आणि'च होतं.

ती वाकलेली तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली आणि कार्डाची पाठ बघू लागली. इतक्या दिवसांत तिने त्या बाजूकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. खोक्याच्या बाहेरच्या अंगाला नवा शर्ट घालून हसणाऱ्या एका माणसाचं चित्र छापलेलं होतं, आणि तिच्या कात्रीने त्या माणसाचे तुकडे केले होते. या तुकड्यावर त्याची अर्धी मिशी आली होती.

तिने दुसरं कार्ड घेतलं. शब्द स्वतःकडे ठेवला आणि पाठ भिंगरीसमोर धरली. फिरवलं नाही.

भिंगरी वाट बघत होती.

"म्हण की."

"तू फिरवल्यावर म्हणायचं असतं ना?"

"आत्ता म्हण."

"तिथे," भिंगरी म्हणाली. "हे कोपराचं आहे. कोपराचं म्हणजे 'तिथे'."

"आणि हे?"

"बटण. 'पण'."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. रोज ती शब्द आधी स्वतः बघायची, आणि तेवढ्या वेळात पोरीच्या डोळ्यांसमोर मिशी, कोपर, बटण, कॉलर, असं काही ना काही असायचंच. मग कार्ड फिरायचं, भिंगरी शब्द म्हणायची, आत्या हसायची. पोरीने यात लबाडी केली नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणे वाचणं म्हणजे हेच होतं, आणि ते तिला उत्तम येत होतं.

आत्याने सगळी कार्डं कापड कापायच्या टेबलावर शब्द वर करून मांडली. "यातलं 'पण' कुठलं?"

भिंगरीने एकदा सगळीकडे बघितलं. मग फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. तिचा हात एका कार्डाकडे गेला, ते उलटून बघायला. आत्याने तो हात धरला.

"उलटायचं नाही."

"मग कसं कळणार?"

बाप दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. तिने शटर पुरतं ओढलं, गिऱ्हाइकाचा अर्धा उसवलेला कोट बाजूला टाकला आणि पोरीला घेऊन बसली. हे बघ, हा 'पण'. बघ नीट. बघितलास? आता सांग, हा कोणता? भिंगरी 'तिथे' म्हणाली. नाही गं. परत बघ. भिंगरी 'आणि' म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. आत्याचा आवाज चढत गेला. एका क्षणी तिने टेबलावर थाप मारली, आणि कार्डं उडाली तशी भिंगरीही दचकून मागे सरकली.

"डोळे फुटलेत का तुझे?" आत्या ओरडली. या घरात हे शब्द कुणी कधी बोललं नव्हतं.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं, असं आत्याला वाटलं. पोरगी खाली वाकली, पडलेली कार्डं गोळा केली, त्यांची चळत नीट केली आणि आत्याच्या हातात दिली.

"उद्या बाबांना हीच दाखवूया," ती हळूच म्हणाली. "तू नेहमीसारखी धर. मी नेहमीसारखी म्हणते. मग ते मला नेणार नाहीत."

तिला सगळं माहीत होतं. फोन, वसतिगृह, सोमवार, सगळं. लहान मुलांना कळत नाही असं समजून मोठी माणसं त्यांच्या डोक्यावरून जे बोलतात, तेच त्यांना आधी कळतं. आत्याने तिला पोटाशी धरलं. "बरं," ती म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा तो येऊन गेला की नव्याने शिकवता येईल, सावकाश, न रागावता. ही फसवणूक नाही, नुसती थोडी सवड मागणं आहे. अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि रात्रभर ती समजूत काही पटली नाही.

रविवारी भाऊ आला. ट्रक नाक्यावर लावून चालत आला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. भिंगरी त्याच्या गळ्यात पडली नाही, पाया पडल्यासारखी जवळ जाऊन उभी राहिली. वर्षातून मोजक्या वेळा दिसणारा बाप; त्याच्याशी कसं वागायचं हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. त्यालाही नव्हतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

"चहा टाकते," आत्या म्हणाली.

"नंतर. आधी कार्डं."

"आल्या आल्या? तू काय तपासणी करायला आलायस?"

"हो."

आत्या स्टुलावर बसली. भिंगरी पाटावर. भाऊ उभाच होता. मग त्याने खुर्ची ओढली. ती त्याने बहिणीच्या बाजूला ओढली नाही की पोरीच्या बाजूला नाही. भिंतीशी अशी लावली, की तिथून त्याला भिंगरीचा चेहरा समोर दिसावा.

आत्याने चळत छातीशी धरली. पहिलं कार्ड. तिने बघितलं, फिरवलं.

"कुठे!" भिंगरी म्हणाली.

दुसरं.

"आणि!"

तिसरं. चौथं. पोरगी एकदाही अडली नाही. रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणत होती, रोजच्यापेक्षा ताठ बसून. प्रत्येक शब्दानंतर ती आत्याच्या तोंडाकडे बघायची, आणि आत्याला हसणं भाग होतं. हसताना तिचे गाल दुखायला लागले. एका डोळ्याने तिने भावाकडे बघितलं. तो खूश होईल अशी तिची अपेक्षा होती. तो खूश दिसत नव्हता. त्याचा चेहरा कार्डागणिक काळवंडत चालला होता. तो कार्डांकडे बघतच नव्हता. तो पोरीच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि मधूनच बहिणीकडे.

"वर!"

"शाबास," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

भिंगरीने ते ऐकलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर भीती चमकून गेली, आणि लगेच तिने ती गिळली आणि आणखी मोठ्याने पुढचा शब्द म्हटला. सहा वर्षांची पोर भीती गिळत होती, आणि ते कुणासाठी, तर आत्यासाठी. मोठी झाल्यावर ही अशीच सगळ्यांसमोर न येणाऱ्या गोष्टी येतात म्हणून दाखवत फिरेल, आणि हे तिला शिकवलं कुणी? पुढचं कार्ड तिने हातात घेतलं, बघितलं आणि फिरवलंच नाही.

"आत्या, फिरव ना," भिंगरी कुजबुजली.

आत्याने सगळी चळत मांडीवर ठेवली.

"हिला वाचता येत नाही," ती भावाला म्हणाली. "एकही शब्द नाही. ही कार्डं पाठीवरच्या चित्रांवरून ओळखते. मिशी, कोपर, बटण. मला काल कळलं. तरी आज मी तुला हे नाटक दाखवत होते. तिचा काही दोष नाही, तिला मी तसंच शिकवलं. आता तुला काय करायचं ते कर."

भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेरून कुणीतरी शटर ठोठावलं, "उघडं आहे का?" म्हणून विचारलं आणि निघून गेलं.

"दुसऱ्याच कार्डाला कळलं होतं मला," भाऊ म्हणाला.

"काय?"

"तिची नजर. तू कार्ड फिरवायच्या आधीच तिचं काम झालेलं असतं. फिरवल्यावर ती शब्दाकडे बघतच नाही, तुझ्याकडे बघते. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार, ताई? मी हेच केलंय."

"तू? तुला कुठे होती कार्डं?"

"मला पाटी होती. तू शब्द लिहायचीस, माझ्यापुढे धरायचीस, आणि मनातल्या मनात म्हणायचीस. तुझे ओठ हलायचे. थोडेच हलायचे, पण मला पुरायचे. मी पाटीकडे बघितलंच नाही कधी. तू किती हसायचीस! आईला हाका मारून सांगायचीस, बघ, माझा भाऊ कसा वाचतो." त्याने भिंगरीकडे बघितलं. "मग चौथीत गुरुजींनी मला सगळ्या वर्गापुढे धडा वाचायला उभं केलं. तिथे तुझे ओठ नव्हते."

आत्याला तो दिवस आठवत नव्हता. तिला एवढंच आठवत होतं की भाऊ एकाएकी उनाड झाला, शाळा बुडवायला लागला, आणि तिने त्याला फार बोल लावले होते. एवढा चांगला वाचायचास, कुठे गेलं सगळं? असं ती त्याला विचारायची. तो कधी उत्तर द्यायचा नाही.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती कशीबशी म्हणाली. "तू का नाही सांगितलंस?"

"तुझं हसू गेलं असतं."

त्याने हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"अजून रस्त्यावर पाटी आली की मी गाडी हळू करतो," तो म्हणाला. "मागचे हॉर्न मारतात. शिव्या देतात. बाईंचा फोन आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. म्हटलं, हिचंही तेच झालं. आणि ताईला यावेळीही कळायचं नाही. म्हणून ती शाळा बघितली. आज मी हिची परीक्षा घ्यायला आलो नव्हतो. हिला येत नाही हे मला बाईंनी सांगितलंच होतं. तू काय करतेस ते बघायचं होतं. शेवटपर्यंत रेटली असतीस ना, तर आजच्या आज हिला उचलून नेली असती."

आत्याने तोंडाला पदर लावला. भिंगरी हळूच उठून बापाजवळ आली होती. तिला या सगळ्यातलं एकच कळलं होतं आणि ते फार मोठं होतं.

"बाबा, तुम्हालाही वाचता येत नव्हतं?"

"नव्हतं. आता येतं, पण अडत अडत."

"मग तुम्ही काय करायचा?"

"येतं म्हणायचो." तो खाली बसला, तिच्या उंचीला. "ते फार दमवतं, भिंगरे. नको करूस."

त्याने बहिणीच्या मांडीवरचं एक कार्ड उचललं, शब्द वर करून जमिनीवर ठेवलं आणि कुणाला ते उलटता येऊ नये म्हणून त्याच्या कडेवर दोन बोटं दाबून धरली. "बस इथे. बघ. काय आहे हे?"

भिंगरी बसली. शब्दाकडे बघू लागली. आत्याही स्टुलावरून खाली उतरून बसली. तिला शब्द दिसत होता, तो तिच्या जिभेवर होता; तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पोरीने वर तिच्याकडे बघितलं. हसण्यासाठी, मान डोलावण्यासाठी, भुवई उडवण्यासाठी आत्याचा चेहरा शिवशिवत होता. तिने काहीही केलं नाही. इतकं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं. भिंगरीने बापाकडे बघितलं. तिथेही काही मिळालं नाही. मग ती परत कार्डाकडे वळली आणि पहिल्यांदाच त्या काळ्या अक्षरांकडे नीट बघत राहिली.

"मला हे येत नाही," ती म्हणाली.

आत्याला वाटलं, आता भाऊ काहीतरी म्हणेल. त्याने कार्डावरची बोटं काढली, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खिशातून ट्रकची किल्ली काढली.

"चहा घेऊन निघतो मी," तो म्हणाला. "माल पोचवायचाय."

"आणि मी?" भिंगरीने विचारलं. ती अजून जमिनीवरच बसलेली होती.

"तू कुठे निघालीस? तुझं इथलं शिकायचं राहिलंय अजून."

आत्याला रडू कोसळलं. ते आवरायचा तिने प्रयत्नही केला नाही. भिंगरी तिच्याकडे बघत होती, आणि आत्याने बघू दिलं.